देशासाठी जबडा

भोंग्यातून “आऽऽऽ” असा आवाज निघाला, तेव्हा धानवडच्या जत्रेतल्या निम्म्या लोकांना वाटलं, आमच्या तंबूत आज राक्षसाचा सिनेमा आहे. ते सगळे तिकिटाच्या खिडकीकडे पळाले. तंबूचे मालक मल्लाप्पाशेठ खूश झाले. त्यांना वाटलं, पोरानं जाहिरातीची नवी तऱ्हा काढली. आवाज थांबेना, तेव्हा ते भोंग्याच्या टांग्यापाशी आले. पाहतात तर मी माईक धरून बसलेला, तोंड विहिरीसारखं उघडं, आणि ते काही केल्या मिटत नाही.

जांभई आली होती, दुसरं काही नाही. सोमवारची संध्याकाळ होती. सहासष्ट सालचा जानेवारी. लढाई चार महिन्यांपूर्वी होऊन गेलेली, देशात धान्याची ओढ. पंतप्रधान म्हणाले, सोमवारी रात्रीचं जेवण सोडा, आणि लोकांनी सोडलं. हॉटेलं बंद, चुली थंड. आमच्या तंबूत त्या वाराला ‘लालबहादूरचा सोमवार’ म्हणत. मशीनवाल्यापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे पाळायचे, मीही पाळायचो. पण पोट रिकामं असलं की मला जांभया येतात, आणि माझी जांभई म्हणजे तुमच्यासारखी नव्हे. येवल्याला आमच्या आळीत मी जांभई दिली की घारी खाली उतरत. त्या संध्याकाळी माईकवर बोलता बोलता अशी एक आली की जबड्याची बिजागरी कट् करून निसटली.

लोकांनी तेव्हा देशासाठी काय काय दिलं. जवानांनी रक्त दिलं, बायांनी हातातल्या पाटल्या दिल्या. मी जबडा दिला. याची कुठे नोंद नाही, म्हणून सांगतोय.

हसू नका. मी तंबूचा भोंगेवाला. टांग्यात बॅटरी, अॅम्प्लिफायर, वर टपावर भोंगा, आणि मी माईक घेऊन गावोगाव ओरडत जाणार. शेती नाही, धंदा नाही, तोंड हेच माझं शेत. आणि तिकडे घरी, येवल्याला, आई माझं लग्न जमवत होती. रूपाबद्दल बोलण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तिनं मुलीकडच्यांना एवढंच कळवलं होतं की मुलगा बोलका आहे.

जत्रेतल्या औषधाच्या पालातला कंपाउंडर आला. त्यानं ओढून पाहिलं, दाबून पाहिलं, एक थोबाडीतही दिली. मग म्हणाला, मिरजेला न्या, कापून बसवावं लागेल, आणि उशीर झाला तर कायमचं असंच. मल्लाप्पाशेठ माणूस वाईट नव्हता. संक्रांतीचे खेळ तोंडावर आले होते. ते म्हणाले, “खैरनार, तू गुणाचा आहेस रे, पण उघड्या तोंडाचा माणूस घेऊन मी काय करू? संक्रांतीपर्यंत बोलायला लागलास तर जागा तुझी. न्हाई तर मला दुसरा बघायला लागेल.”

मी म्हटलं, “आऽऽ.”

“व्हय, व्हय,” ते म्हणाले.

मला वाचवलं बाबालालनं. बाबालाल टांगेवाला, तंबूचा भोंगा फिरवण्याचं काम त्याच्या टांग्याकडे. पन्नाशीचा, दाढी मेंदीनं रंगवलेली, आणि जगातली प्रत्येक गोष्ट आपल्याला आधीच ठाऊक होती असा चेहरा. तो म्हणाला, “कापाकापी कशाला? आडसूळवाडीला शास्त्री हाईत की. माझा गुडघा त्यांनीच बशिवला. बैलाचा खुबा बशिवत्यात, तुझा जबडा म्हंजे काय. सकाळी नेतो.”

पहाटे घोडं जुंपलं. थंडी शिरू नये म्हणून माझ्या तोंडाला उपरणं गुंडाळलं. भोंगा उतरवायला वेळ नव्हता, तो तसाच टपावर. जत्रेच्या माळावर रेडिओ नव्हता आणि पेपर तिथे दुसऱ्या दिवशी यायचा. हे मी मुद्दाम सांगून ठेवतो. पुढे तुम्ही म्हणाल, एवढी अक्कल कशी नव्हती, म्हणून.

तांबडेवाडीच्या फाट्यावर ऊन वर आलं. तिथलं हॉटेल बंद. मालक फळीवर डोक्याला हात लावून बसला होता. बाबालालनं स्वतःला चहा आणि माझ्यासाठी गरम पाणी मागितलं. मालकानं मान वर केली. डोळे लाल.

“आज चहा न्हाई,” तो म्हणाला. “शास्त्री गेले.”

बाबालालच्या हातातला लगाम सुटला. “आमचे शास्त्री?”

“आपलेच की. सगळ्यांचेच.”

“कवा?”

“रातच्याला. झोपेत छातीत कळ आली म्हणं. काल एवढं मोठं काम उरकलं, आणि रातीत गेले.”

बाबालालनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. मोठं काम, म्हणजे कुणाचं तरी मांडीचं हाड असणार. बसवता बसवता स्वतः बसले.

माझी गत काय झाली असेल, तुम्हीच विचार करा. उभ्या मुलखात एकच माणूस माझं तोंड मिटवणार होता आणि त्यानंच डोळे मिटले. मी रडायला लागलो. तोंड उघडं असताना रडणं ही फार अवघड कला आहे. आवाज अडत नाही, सरळ आकाशात जातो. हॉटेलमालकानं ते ऐकलं आणि तोही पुन्हा सुरू झाला. पाण्याला चाललेल्या दोन बाया थांबल्या. त्यातली एक दुसरीला म्हणाली, बघ गं, तोंड बांधलंय तरी हंबरडा मावंना. मग त्याही रडल्या. आम्ही निघालो तेव्हा फाट्यावर कोरडा डोळा फक्त घोड्याचा होता.

बाबालाल म्हणाला, परत फिरू. मी मान हलवून नाही म्हटलं आणि पुढे बोट केलं. मला आशा होती की शास्त्र्यांना मुलगा असेल, भाऊ असेल, निदान बायकोला तरी बघून बघून येत असेल. बाबालालला वाटलं, मला मयताला जायचंय. तो म्हणाला, “बरोबर हाय. गुडघा त्यांनी दिला, त्या गुडघ्यावर त्यांच्या दारात उभं ऱ्हायलाच पायजे.” आणि त्यानं घोड्याला चाबूक दाखवला.

पुढच्या गावात शाळा सुटत होती. सकाळची शाळा, आणि पोरं पाट्या छातीशी धरून गुपचूप घरी चाललेली. शाळा सुटलेली पोरं गुपचूप चालताना मी आयुष्यात तेवढ्या एकाच दिवशी पाहिली. फाटकाशी मास्तर चष्मा पुसत उभे होते. बाबालालनं टांगा थांबवून विचारलं, शाळा शास्त्र्यांसाठीच सोडली का.

“दुसरं कशासाठी,” मास्तर म्हणाले. “असा माणूस पुन्हा नाही. एवढासा देह, पण कणा केवढा ताठ.”

“कण्याचं तर त्येंला सगळंच ठावं होतं, मास्तर,” बाबालाल म्हणाला.

मास्तरांनी चष्मा घातला आणि आमच्याकडे नीट पाहिलं. तोवर टांगा हलला होता. थोडं पुढे गेल्यावर बाबालाल पुटपुटला, “एवढासा देह कसा? शास्त्री तर सहा फूट.” मग स्वतःच म्हणाला, “आजारानं झिजलं आसत्याल.”

तालुक्याच्या गावी तर कमाल झाली. बाजारपेठेत एक फळी उघडी नव्हती. आणि कचेरीवरचा झेंडा निम्म्यावर उतरवलेला. बाबालालनं टांगा रस्त्याच्या मधोमध उभा केला, कपाळाला हात लावून झेंड्याला सलाम केला आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, “भोंगेवाले, ह्यानं कलेक्टरचं हाड बशिवलं आसणार.”

आता तुम्हाला कळलं. तुम्ही शहाणे, घरात बसून वाचताय. पण आमच्या तोंडी पंतप्रधान म्हणजे लालबहादूर, आणि आडसूळवाडीच्या दिशेनं चाललेल्या, हाड निखळलेल्या माणसाच्या डोक्यात शास्त्री म्हणजे एकच शास्त्री. उलट मला बरं वाटत होतं. मनात म्हटलं, आपला देश अजून भला आहे. एक हाडवैद्य जातो आणि सरकार झेंडा उतरवतं.

आडसूळवाडीच्या अलीकडे एक टेकाड आहे. गाव टेकाडाच्या पलीकडच्या अंगाला, खाली, आणि शास्त्र्यांचं घर एकटंच वर. टांगा अंगणात उभा राहिला. मयताचं घर म्हणावं तर माणसं नाहीत, तिरडी नाही, अंगणात एक मांजर ऊन खात पडलेलं. दारात एक बाई आल्या. नऊवारी, पांढरे केस, कपाळावर ठसठशीत कुंकू. बाबालालनं माझ्या कानात सांगितलं की ह्याच शास्त्रीणकाकू, आणि कुंकू अजून पुसलेलं दिसत नाही. मग पुढे होऊन हात जोडले.

“काकू, लई वाईट झालं.”

“हो ना,” काकू म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. “सकाळपासून चूल पेटवायचं मन होत नाही बघा. या, बसा.”

“न्ह्यायचं कवा?”

“अजून आणायचेत ना. विमानानं आणतायत म्हणे.”

बाबालाल मटकन ओट्यावर बसला. त्याचा चेहरा मला दिसत होता. झेंडा त्यानं पचवला होता; विमान काही उतरत नव्हतं.

“विमान हितं उतरंल?” त्यानं विचारलं.

“इथे कशाला उतरेल?” काकूंना प्रश्न कळला नाही. त्यांनी माझ्या बांधलेल्या तोंडाकडे पाहिलं. “यांना काय झालंय? दाखवायला आणलंय होय? थांबा हं थोडं. हे विहिरीवर गेलेत, आंघोळीला.”

“हे कोण?” बाबालालनं विचारलं.

“अहो, हे.”

“हे म्हंजे?”

“हे म्हणजे हेच,” काकू म्हणाल्या. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला याहून जास्त सांगता येत नाही.

आणि परसातून त्रिंबकशास्त्री आगाशे आले. सहा फूट. अंगावरून पाणी निथळतंय, कमरेला ओला पंचा, शेंडी पाठीला चिकटलेली, कपाळावर गंध नाही. बाबालाल “या अल्ला” म्हणून जो उठला तो घोड्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. माझं उपरणं गळून पडलं.

शास्त्र्यांनी जवळ येऊन माझ्या तोंडात डोकावून पाहिलं. “आ वासून काय बघतोयस?” ते म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं. “अच्छा. वासलेलाच आहे होय. बस खाली.”

भुतांचे हात गार असतात म्हणतात. यांचेही होते, पण ते विहिरीच्या पाण्यानं. त्यांनी दोन्ही अंगठ्यांना पंच्याचं टोक गुंडाळलं, माझ्या दाढांवर ठेवले, आणि विचारलं, गाव कुठलं तुझं? मी ‘आऽऽ’ म्हणायला गेलो तेवढ्यात खाली दाबून मागे ढकललं. डोक्यात गिरणीचा पट्टा तुटावा तसा आवाज झाला. डोळ्यांपुढे काजवे. मग दातांवर दात आले.

दातांवर दात येण्यात काय सुख आहे, ते तुम्हाला कळायचं नाही. तुमचे रोजच येतात.

“आता ऐक,” शास्त्री म्हणाले. “दोन दिवस जांभई द्यायची नाही. चावायचं नाही. आणि ओरडायचं—”

पुढचं ऐकायला मी थांबलो नाही. मी टांग्याकडे धावलो होतो. माझं डोकं भिंगरीसारखं फिरत होतं. हा माणूस इथे विहिरीवर आंघोळ करतोय, आणि तिकडे तीन गावांनी चुली विझवल्यात, शाळा सोडल्यात, सरकारनं झेंडा उतरवलाय. कुणीतरी थाप मारली होती. मीही त्या धंद्यातला. मला त्या थापेचा क्षणभर हेवाच वाटला. पण वैद्य माणूस, त्याचा बोभाटा असाच राहिला तर उद्यापासून दारात पेशंट कोण येणार? त्यानं मला तोंड दिलं. त्या तोंडाचं पहिलं काम काय, हे मला कुणी सांगायला नको होतं.

बॅटरी लावली. भोंगा गावाकडे वळवला. माईक तोंडाशी घेतला.

“ऐका हो, आडसूळवाडीकर, ऐका. शास्त्री गेले ही बातमी साफ खोटी आहे. शास्त्री जिवंत आहेत. धडधाकट आहेत. मी आत्ता या डोळ्यांनी पाहिलंय. शास्त्री जिवंत आहेत.”

आवाज असा सुटला म्हणता. रात्रभर कोंडलेला, ताजा, खणखणीत. टेकाडावरून गावावर गेला, गावावरून मळ्यांत गेला, ओढ्यापलीकडच्या वस्त्यांपर्यंत गेला. मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं. मागून शास्त्री काहीतरी सांगत होते, पण भोंग्यापुढे कुणाचं चालतंय.

आधी काहीच झालं नाही. मग खालून एक आवाज वर आला. तंबूबाहेर मी आयुष्यभर गर्दीचे आवाज ऐकले. हाऊसफुल्लचे, मारामारीचे, पडदा पेटला तेव्हाचेही. तसा आवाज पुन्हा ऐकला नाही. शंभर-दोनशे माणसांनी एकदम श्वास सोडावा तसा तो होता. मग देवळाची घंटा वाजायला लागली. आणि माणसं टेकाड चढून पळत वर येऊ लागली. कुणाचं मुंडासं सुटलेलं, कुणी अनवाणी, एक बाई हातात पीठ लागलेली परात बडवत येतेय. एका म्हाताऱ्यानं बाबालालला मिठी मारली आणि दाढीचा मुका घेतला. एक पैलवान गडी तर माझ्या पायाच पडला. मी आपला टांग्यात उभा, मान डोलावतोय. मनात म्हटलं, या गावात हाडांना काय मान आहे.

सगळ्यांत पुढे सरपंच होते, आबा मगदूम. जाडजूड माणूस, धापा टाकत, पण तोंडभर हसू. त्यांनी टांग्याचा कठडा धरला.

“रेडिओ खोटं बोलला?” त्यांनी विचारलं. “सकाळपास्नं चावडीत रेडिओ लावून बसलोय. तुमाला कुनी सांगितलं? दिल्लीस्नं फोन आला?”

“दिल्ली कशाला हवी, आबा?” मी म्हणालो. “हे काय, समोर उभे आहेत.”

आणि मी दाराकडे बोट केलं. ओल्या पंच्यात, कुडकुडत, त्रिंबकशास्त्री उभे होते.

सगळे वळले. त्यांच्याकडे पाहत राहिले. परातीचा आवाज थांबला. फक्त खाली देवळात घंटा बडवणाऱ्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. ती वाजतच होती.

“आबा,” शास्त्री म्हणाले, “तो मला म्हणतोय.”

मग ते टांग्यापाशी आले. माझ्याशी बोलताना त्यांनी आवाज अगदी खाली आणला, जणू अजून कुणाचं काही मोडेल. “अरे बाळा, लालबहादूर गेले. रात्री. परदेशात. तह करायला गेले होते तिथेच.”

हे मला असं कळलं. सगळ्या देशाला रेडिओनं सांगितलं. मला दोनशे माणसांच्या चेहऱ्यांनी. काल संध्याकाळी मी त्या माणसासाठी उपाशी राहिलो होतो. त्याचं आणि माझं तेवढंच नातं, पण आठवड्याला एकदा पोटातून आठवण होणारं. माझं तोंड पुन्हा उघडलं. शास्त्र्यांनी झटकन हनुवटीखाली हात धरला. त्यांना वाटलं, निखळला.

बाबालालला मिठी मारलेल्या म्हाताऱ्यानं हात सोडवून घेतले. पाया पडलेला पैलवान उठला आणि त्यानं माझी गचांडी धरली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मूठ माझ्या डोक्याएवढी होती. मी डोळे मिटले.

“महादा, मारायचं नाही,” शास्त्र्यांचा आवाज आला. “आत्ताच बसवलाय. तोंडाखाली कुठेही मार.”

कुणालाच हसू आलं नाही, पण महादाला आता नेमकं कुठे मारावं ते सुचेना, आणि त्यात जरा वेळ गेला. मूठ सैल झाली. सरपंचांनी कठडा सोडला नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू पुरतं उतरलंही नव्हतं. त्यांनी विचारलं, भोंग्याचा आवाज जातो कुठवर? मी म्हटलं, वारं असेल तर ओढ्यापलीकडे. त्यांनी हात वर करून वारं पाहिलं. वारं होतं.

“मग तुझा पयला आवाज जिथवर गेलाय,” ते म्हणाले, “तिथवर दुसरा न्ह्यायचा. एक घर सुटता कामा नये. लोकं आनंदात बसल्याती तिकडं.”

म्हणून आम्ही निघालो. शास्त्रीबुवा कोरडं धोतर नेसून, उघड्याच अंगानं माझ्या शेजारी बसले. मी म्हटलं, तुम्ही कशाला? ते म्हणाले, कुठले शास्त्री जिवंत म्हणालास ते कुणी विचारलं, तर दाखवायला. पुरावा.

गावाच्या चौकात पहिल्यांदा बोलायचं होतं. माईक हातात घेतला आणि तोंड उघडेना. दात घट्ट बसलेले. काल मिटत नव्हतं, आज उघडेना. शास्त्री खालमानेनं म्हणाले, “हाड जागेवर आहे. माझं काम संपलं. आता उघडणं तुझं.” मग उघडलं. म्हटलं, लालबहादूर शास्त्री गेले. मघाची बातमी चुकीची होती. एवढंच. मी, ज्यानं भुताच्या सिनेमाला भक्तिपट म्हणून देवळातला सप्ता तंबूत आणला होता, त्याला त्या दिवशी एक शब्द वर लावता आला नाही.

मळ्यामळ्यांतून टांगा फिरला. मोट हाकणारे थांबले. गुऱ्हाळावर काहिलीपाशी गुळाचे खडे वाटले जात होते. वाटणाऱ्याचा हात तसाच हवेत राहिला. प्रत्येक ठिकाणी लोक आधी हसऱ्या तोंडानं टांग्याकडे धावत यायचे, आणि मी बोलायला लागलो की पावलं हळू व्हायची. ओढा ओलांडला तेव्हा बॅटरी उतरली. भोंगा खरखरला, दोनदा खोकला आणि बंद पडला.

पलीकडे एकच खोप होती. शास्त्री म्हणाले, ही बाळाक्काची. एकटीच असते. मुलगा शिवाप्पा फौजेत, लढाई संपली तरी तिकडेच बर्फात अडकलेला.

आम्ही खाली उतरायच्या आत ती बाहेर आली. सत्तरीची असेल, पाठीत वाकलेली. एक मूठ घट्ट मिटलेली. तिला शास्त्री दिसले नाहीत, टांगा दिसला नाही, भोंगा तेवढा दिसला, आणि त्याच्याखाली मी.

“तूच वरडलास का रं मगाशी?”

मी मान हलवली.

“माझं कान गेलेलं, तरी ऐकू आलं. सकाळी गुराखी सांगून गेला, शास्त्री गेले. म्या म्हटलं, आता कसलं तह नि कसलं काय, माझं पोरगं काय येत न्हाई. तवापास्नं जागची हलले न्हवते. आनि मग तू वरडलास.” तिनं माझी हनुवटी धरली. कालपासून हनुवटी धरणारी ती तिसरी. “तुझ्या तोंडात साखर पडो.”

सगळे म्हणतात, तुझ्या तोंडात साखर पडो. पाडत कुणी नाही. तिनं मूठ उघडली आणि साखर माझ्या तोंडात घातली. रेशनची, जाडी, तळहाताच्या घामानं थोडी चिकट. त्या दिवसांत अख्ख्या गावाला मिळून एवढीशी साखर यायची. तिनं ती कशासाठी जपली होती, हे मला विचारायची गरज नव्हती.

बॅटरी असती तर लांबून सांगितलं असतं. आता लांब नव्हतं. जिभेवर साखर, हनुवटीवर तिचा हात. खोटं बोलायची एवढी सोय मला पुन्हा कधी मिळाली नाही. एक शब्द न बोलता टांग्यात बसलो असतो, तरी चाललं असतं. मी शास्त्र्यांकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते.

“आज्जी,” मी म्हणालो, “मी चुकलो. ते दुसरे शास्त्री. हे. लालबहादूर गेले ते गेलेच.”

तिनं कान पुढे केला. मला पुन्हा सांगावं लागलं, मोठ्यानं.

तिचा हात खाली आला. तिला आता शास्त्री दिसले. मग तिनं त्यांनाच विचारलं, “मग तह?”

“सही झाली, बाळाक्का,” शास्त्री म्हणाले. “सही केली आणि मग गेले.”

“करून गेला?”

“करून.”

“पुसत न्हाईत न्हवं सही, मागनं?”

“नाही पुसत.”

“मग येतंय माझं पोरगं,” ती म्हणाली. पदरानं हात पुसला. मग शास्त्र्यांना आपादमस्तक न्याहाळलं, जणू बाजारात हवा तो बैल मिळाला नाही आणि दुसरा घेऊन घरी जायचंय. “आता तू तरी जग बाबा नीट. उघडा हिंडू नकोस थंडीचा.”

माझं तोंड तसंच होतं, साखर धरून. काढावी की ठेवावी ते कळत नव्हतं. तिच्या ते लक्षात आलं.

“खा,” ती म्हणाली. “तोंडात घातलेली साखर काय माघारी घेत्यात व्हय?”

आम्ही परत निघालो. ऊन उतरत होतं. तंबूला दुखवट्यात टाळंच लागणार होतं, तेव्हा संक्रांतीपर्यंत माझी जागा कुठे जात नव्हती. ओढा आला, गेला. बाबालालनं मागे वळून विचारलं, काय भोंगेवाले, साखर संपली का?

मी मान हलवली. संपली नव्हती. एकेक दाणा आपापला विरघळत होता. चावायला शास्त्र्यांनी दोन दिवस मनाई केली होती.